खळं

मोतीबिंदू निघाला, दोन दिवसांनी
मी गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बिनचष्म्याने वाचली.
मुदत चैत्रातच संपलेली.
"झालं ना पैशाचं चीज," ही म्हणाली,
आणि माझ्या चष्म्याचं घर
शिवणाच्या डब्यात बटणांसाठी घेतलं.

संध्याकाळी दत्तवाडीतल्या गॅलरीत उभा राहिलो.
समोरचा खांब लागला, क्रमांक चौदा,
आणि त्याच्याभोवती एक कडं.
कड्याबाहेर कडं. मग आणखी एक, पुसट,
कोळ्याने घाईत अर्धवट सोडून दिल्यासारखं.

पुणे महापालिकेच्या विद्युत विभागात मी एकतीस वर्षं.
पिवळे सोडियम मी चढवले,
ते उतरवून पांढरे एलईडीही मीच,
शिडी धरायला गफूर.
लोक सांगायचे, साहेब, दिवा फुटतोय, दिवा पसरतोय.
मी वर जायचो, काच पुसायचो,
खाली येऊन म्हणायचो,
दिवा ठीक आहे, आजी. डोळे दाखवून घ्या.

डॉक्टर पाटसकरबाई कागदावर भिंग काढतात.
भिंगावरच कडी कोरलेली असतात, मुरकुटे.
लांबचं बघायला, जवळचं बघायला,
आणि मधलं, कॉम्प्युटरचं.
माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, मी म्हणतो.
सहा महिने द्या. मेंदूला सवय होते,
तो कडी बघायचं सोडून देतो.
फॉर्मवर लिहिलं होतं की.
लिहिलं होतं खरं, बारीक अक्षरात.
आता वाचता येतं.

आई वेल्ह्याची. चंद्राभोवती असं दिसलं
की अंगणातून हाक मारायची, खळं पडलंय बघा.
जवळचं खळं, लांबचा पाऊस.
लांबचं खळं, जवळचा.
मळणीचं खळंही तेच, मला वाटायचं:
मधे तिवडा, भोवती बैल, तोंडाला मुसकं.
आता म्हात्रे पुलावर रात्री
एवढे तिवडे रोवलेले,
प्रत्येकाभोवती उजेड फिरतोय फिरतोय,
दाणा एक पडत नाही.

स्कूटरची चावी मुलाने काढून घेतली.
बरोबरच आहे.
समोरून येणारी प्रत्येक गाडी
दोन-दोन प्रभावळी घेऊन येते,
नमस्कार करावा की ब्रेक दाबावा, कळत नाही.

मागच्या सोमवारी पुलावरून चालत येताना
एक खांब दिसला, त्याला काहीच नव्हतं.
सरळ, काळा, स्वतःच्या काठात राहिलेला.
बावीस नंबर. ड्रायव्हर गेला असणार.
मी थांबलो.
उन्हातून आल्यावर माठाला तळहात लावावा
तसा बघत राहिलो.
तक्रारीचा नंबर मला झोपेतही पाठ आहे.
लावला नाही.
मंगळवारीही नाही.
बुधवारी तर मुद्दाम गेलो, तेवढ्या एका खांबासाठी.

बुडाशी शेंगावाली बसलेली.
मोबाईल दातात धरून, त्याच्या बॅटरीच्या उजेडात
ती सुटे पैसे निवडत होती.
कधीपासून बंद आहे? मी विचारलं.
तिने मोबाईल काढून पदराला पुसला.
"आठ दिस झालं. वर कोन बघतंय?"

एकतीस वर्षं वर बघणारा माणूस
दहा रुपयांच्या शेंगा घेऊन घरी आला.
जेवताना हिने दोनदा विचारलं, काय झालं.
मग गफूरच्या मुलाला फोन केला,
तो हल्ली त्याच वॉर्डात आहे.
बावीस, म्हणालो. आधी ड्रायव्हर बघ,
उगाच केबल उकरू नको.
"काका, तुम्ही रिटायर झालात ना?"
झालो. तू बघ.

आज परत गेलो.
बावीसला तीन कडी,
बाहेरचं चांगलंच ऐसपैस, फुटपाथ ओलांडून गेलेलं.
टोपली, माप, पुड्यांची रद्दी, सगळं त्याच्या आत.
ती दोन्ही हातांनी शेंगा मोजत होती
आणि कुणाला तरी ओरडून भाव सांगत होती,
तोंड मोकळं.